वडिलांच्या फुफ्फुसात २.२ सेंमीची गाठ: सुई घालून बायोप्सी करावी की आधी टीबीची औषधं देऊन बघावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६४ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात शेती, पंचवीस-तीस वर्षं विडी ओढली, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून बंद. खोकला महिनाभर जाईना म्हणून छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसला, मग सीटी केला, त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात मागच्या बाजूला २.२ सेंमीची काटेरी कडांची गाठ निघाली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक डॉक्टर म्हणतायत दोन महिने टीबीची औषधं देऊन बघू, दुसरे म्हणतायत सीटीखाली सुई घालून तुकडा काढा, आणि घरी आत्या-काका सगळे एकच सांगतायत की सुई लागली की गाठ पसरते, हात लावू नका. पेट स्कॅन केला तर सुई टळेल का हेही तुम्ही विचारलंय.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं हेच काम करतेय, आठवड्याला दोन-तीन तरी फुफ्फुसाच्या बायोप्सी होतातच. तुमच्या वडिलांचा स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत स्पष्ट आहे: आधी तुकडा, मग औषध. का ते सविस्तर लिहिते कारण हाच घोळ मी दर महिन्याला बघते.

त्या दोन महिन्यांचं आधी. आपल्याकडे टीबी एवढा आहे की छातीत डाग दिसला की पहिला विचार टीबीचाच येतो आणि यायलाच हवा, त्या डॉक्टरांचं त्यात काही चुकलं नाही. टीबीचीसुद्धा अशी एकटी गाठ होते, तिला ट्यूबरक्युलोमा म्हणतात, ती पण बऱ्याचदा वरच्या भागातच असते, तिच्याही कडा कधीकधी काटेरी दिसतात, म्हणजे नुसत्या सीटीवर ही टीबीची आणि ही कॅन्सरची असं खात्रीने सांगता येत नाही, मला पण नाही येत. पण टीबीची शंका येणं वेगळं आणि पुरावा नसताना एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू करून बसणं वेगळं. सुरू केल्यावर काय होतं सांगते. पहिल्या महिन्यात पेशंटला जरा बरं वाटतं, कारण त्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन बाकीच्या बऱ्याच जंतूंवरही चालतं, गाठीच्या आजूबाजूला साधं इन्फेक्शन असेल तर ते उतरतं, खोकला कमी होतो, घरचे म्हणतात गुण आला. दोन महिन्यांनी सीटी करायचा असतो तो सणवार, पेरणी, पैसे असं करत करत तिसऱ्या-चौथ्या महिन्यावर जातो. रिपोर्टमध्ये येतं गाठ किंचित मोठी, मग कुणीतरी म्हणतं टीबीच्या गाठी सुरुवातीला वाढल्यासारख्या दिसतात कधीकधी, अजून दोन महिने बघू. आणि हे खोटं नाहीये, टीबीत खरंच तसं होतं, म्हणूनच तर ही फसगत लवकर लक्षात येत नाही.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एक बाई आल्या होत्या माझ्याकडे, पन्नाशीच्या, आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. पाच महिने एकेटी झालेली. मुलाने कापडी पिशवीतून सगळे जुने रिपोर्ट, फिल्मा, सीड्या व्यवस्थित तारखेप्रमाणे लावून आणल्या होत्या. पहिल्या सीटीत गाठ १.९ सेंमी, मी त्या दिवशी मोजली तर ४.१, आणि श्वासनलिकेच्या बाजूच्या लिम्फ नोड्स सुजलेल्या, ज्या पहिल्या स्कॅनमध्ये अजिबात नव्हत्या. तुकड्यात अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आला. तोवर ऑपरेशनची वेळ गेली होती. मुलगा बाहेर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, मॅडम, पहिल्याच वेळी सुई घातली असती तर? मी त्याला खरं ते सांगितलं, की तेव्हा बहुतेक ऑपरेशन करता आलं असतं. अजून आठवतो तो प्रसंग.

एक हिशोब सांगते जो लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. गाठ चेंडूसारखी असते, तिचा व्यास फक्त पाव पटीने वाढला की आतला ऐवज दुप्पट होतो. म्हणजे तुमच्या वडिलांची २.२ ची गाठ २.८ झाली तर रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं सहाच मिलिमीटर तर वाढलीय, पण ती दुप्पट झालेली असते.

उलटं पण होतं हं, ते पण सांगायला हवं. घरच्यांनी रडून घेतलेलं, कॅन्सरच आहे असं धरून शेत विकायची बोलणी झालेली, आणि तुकड्यात ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीत दिसतो तसा सुजेच्या पेशींचा पुंजका आला, सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबी निघाला, औषधं संपल्यावरच्या स्कॅनमध्ये गाठीच्या जागी बारीकसा व्रण उरलाय. असे पेशंट माझ्याकडे बरेच झालेत. तर बायोप्सी म्हणजे कॅन्सरच असं डोक्यातून काढून टाका, तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही शक्यता आहेत, विडीचा इतिहास आणि वय बघता कॅन्सरचं पारडं थोडं जड आहे एवढंच.

आता आत्यांचं म्हणणं, सुई लागली की पसरतं. हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांनी जे बघितलंय ते खरंच बघितलंय: गावात कुणाची तरी बायोप्सी झाली आणि तीन महिन्यांत माणूस गेला. पण तो माणूस तपासणीलाच उशिरा पोचलेला असतो, आजार आधीच लिव्हरमध्ये, हाडांत गेलेला असतो, आणि नंतर लक्षात राहते ती फक्त सुई. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं ही गोष्ट अस्तित्वात आहे, मी नाही म्हणणार नाही, पण फुफ्फुसाच्या बायोप्सीत हे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. आणि आता आपण को-अ‍ॅक्सियल पद्धत वापरतो, म्हणजे बाहेरून एक पोकळ सुई गाठीच्या तोंडापर्यंत न्यायची आणि तिथेच ठेवायची, मग तुकडे काढणारी सुई तिच्या आतून जाते-येते. तुकडा बाहेर येताना नळीतून येतो, फुफ्फुसाला, बरगडीच्या स्नायूला, कातडीला घासत येत नाही.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. गाठ लहान असेल, प्लुराला म्हणजे फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाला चिकटून असेल, पेशंट ऑपरेशनला एकदम फिट असेल आणि कॅन्सरची शंका फारच दाट असेल तर काही सर्जन म्हणतात सुई नको, सरळ दुर्बिणीने तेवढा भाग काढू आणि टेबलावरच फ्रोझन सेक्शन करून, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासून, पुढचं ठरवू. हे चुकीचं नाही, काही अभ्यासांत अशा गाठींच्या बाबतीत सुईनंतर प्लुरामध्ये आजार परत येण्याचा प्रश्न चर्चेत आलाय. पण आपल्याकडे टीबीमुळे एवढ्या गाठी कॅन्सर नसलेल्या निघतात की बहुतेक सर्जन आधी तुकडाच मागतात, आणि तुमच्या वडिलांना स्टेंट आहे, तीस वर्षांच्या विडीने फुफ्फुसं कशी असतील माहीत नाही, अशा माणसाची छाती विनाकारण उघडायला मी तरी सांगणार नाही.

काका म्हणतायत हे नवीन प्रयोग आहेत, तर तसंही नाही. छातीतून सुई घालून फुफ्फुसातलं तपासायचं हे जर्मनीत लायडन यांनी १८८३ मध्ये केलं होतं, न्यूमोनियाचे जंतू शोधायला. सीटीखाली बायोप्सी १९७६ पासून होतेय, अमेरिकेत क्लीव्हलंडला हागा आणि अल्फिडी यांनी सुरू केली. आज आपल्याकडे मेडिकल कॉलेजात, मोठ्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे रोज चालतं.

पेट स्कॅनबद्दल. पेट स्कॅन साखरेसारखं औषध देऊन बघतो की कुठल्या पेशी जास्त साखर खातायत. कॅन्सरच्या पेशी खातात, पण टीबीची गाठ पण तेवढीच चमकते, कधीकधी जास्त चमकते. त्यामुळे आपल्या देशात पेट चमकला म्हणून कॅन्सर असं म्हणता येत नाही आणि बायोप्सी टळत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. एक म्हणजे आजार अजून कुठे आहे का ते कळतं, आणि कधीकधी मानेतली एखादी नोड चमकताना सापडते, मग छातीत सुई घालायची गरजच राहत नाही, मानेतून सोनोग्राफीखाली पाच मिनिटांत तुकडा निघतो. परवडत असेल आणि दोन-चार दिवसांत होत असेल तर आधी करा, पण पेटसाठी तीन आठवडे थांबून राहू नका. ब्रॉन्कोस्कोपीचं पण कुणीतरी सुचवेल. गाठ मोठ्या श्वासनलिकांजवळ असेल तर ती उत्तमच, छातीच्या मधल्या नोड्ससाठी तर ईबस म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते ते फारच चांगलं, पण तुमच्या वडिलांची गाठ बाहेरच्या बाजूला मागे आहे, तिथवर साधी दुर्बीण सहसा पोचत नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण पेशंटला भीती असते ती न बघितलेल्याची. भूल पूर्ण देत नाही, जागेवरच सुन्न करतो, दाताला देतात तसंच. गाठ मागच्या बाजूला आहे म्हणजे वडिलांना बहुतेक पालथं झोपवतील, हात अशा पद्धतीने ठेवायला लावतील की खांद्याचं पातं बाजूला सरकेल, नाहीतर ते नेमकं मध्ये येतं. साधारण पाऊण तास असं पडून राहायचंय, खांदा किंवा मान दुखत असेल तर आधीच सांगा, उशी लावतात, मधेच हललं की सगळं परत मोजावं लागतं. पाठीवर बारीक तारांची पट्टी चिकटवतात, एक स्कॅन घेतात, त्या तारा स्क्रीनवर ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यावरून कातडीवर कुठे आणि किती खोल, कुठल्या कोनात हे ठरतं. ही वाट ठरवणं हाच खरा कामाचा भाग आहे, सुई घालणं नंतरचं. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते म्हणून आम्ही नेहमी बरगडीच्या वरच्या कडेवरून शिरतो. दोन कप्प्यांच्या मधला पडदा ओलांडायचा नाही, हवेचे फुगे झालेला खराब भाग असेल तर तो टाळून लांबून जायचं, मोठी रक्तवाहिनी वाटेत नको. कधीकधी ही वाट शोधायला पंधरा मिनिटं जातात आणि सुईचं काम दहा मिनिटांत होतं.

मग श्वास. फुफ्फुस श्वासाबरोबर वरखाली होतं आणि गाठ पण त्याच्याबरोबर हलते, खालच्या भागातली जास्त, वरच्या भागातली कमी, त्या बाबतीत तुमचे वडील नशीबवान आहेत. लोक घाबरून मोठ्ठा श्वास घेतात, तो नकोय, नेहमीसारखा साधा श्वास घ्यायचा आणि सोडून थांबायचं, दरवेळी सारखाच. घरी चार दिवस सराव करून घ्या त्यांच्याकडून, पालथं झोपवून, दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. सरावाने खरंच फरक पडतो, मला टेबलावर लगेच कळतं कुणी घरी केलंय. प्लुराला सुई लागते तेव्हा क्षणभर कळ येते, तिथे थोडं जास्त औषध सोडतो आम्ही, पण ती एक कळ येते हे सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत. फुफ्फुसाच्या आत दुखायच्या नसा नसतात, पुढे फक्त दाब जाणवतो. नंतर बायोप्सी गनचा टक् असा आवाज येतो, स्टेपलरसारखा. तो आवाज पण आधी एकदा बाहेर करून दाखवते मी पेशंटला, कारण ऐन वेळी त्या आवाजानेच माणूस उडतो.

जो तुकडा निघतो तो शेवईच्या काडीएवढा, दीड-दोन सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड. बाटलीत टाकला की मी वाकून बघते. चांगलं फुफ्फुस हवेमुळे तरंगतं, गाठीचा घट्ट करडा-पांढरा तुकडा तळाला जातो. नुसतं तरंगणारं आलं तर सुईचं टोक गाठीत होतं की नाही ते परत तपासायचं. एखादा तुकडा पिवळसर, पनीरच्या चुऱ्यासारखा निघाला तर मनात टीबी येतो, पण कॅन्सरची गाठ पण मधे कुजलेली असू शकते, म्हणून मोठ्या गाठीत मधोमध न जाता कडेचा तुकडा घ्यायचा. असे चार तरी तुकडे हवेत, जमलं तर पाच-सहा.

आणि इथे मी तुम्हाला एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते: दोन बाटल्या. बायोप्सी आधी विचारा, डॉक्टर, टीबीसाठी वेगळा तुकडा साध्या सलाईनमध्ये पाठवणार ना? हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे फॉर्मलिनमध्ये जातात, आणि फॉर्मलिन जंतू मारून टाकतं, त्यातून टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होऊच शकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ठिकाणी काम करत असताना एका पोराचे सगळे तुकडे घाईत फॉर्मलिनमध्ये गेले, बाटली भरणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही बघितलं नाही. रिपोर्टमध्ये टीबी आला, औषधं सुरू झाली, तीन महिन्यांत फरक नाही, आता औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हे बघायला कल्चर पाहिजे आणि कल्चरला द्यायला काहीच शिल्लक नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हापासून टेबलावर दोन बाटल्या नावं लिहून तयार असल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. सलाईनवाला तुकडा सीबीनॅटला आणि कल्चरला जातो. सीबीनॅटचं मशीन दोन तासांत सांगतं आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही सांगतं, कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. सरकारी टीबी कार्यक्रमात सीबीनॅट फुकट होतं, जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा. लॅबमध्ये सॅम्पल कोण नेणार, हेही त्याच दिवशी ठरवून ठेवा. बऱ्याच ठिकाणी नातेवाईकांच्याच हातात बाटली देतात, मग ती गाडीच्या डिकीत उन्हात रात्रभर राहिलेली पण मी बघितली आहे.

चार-पाच तुकडे कशाला, एका तुकड्यात कळत नाही का, असं विचारतात लोक. कॅन्सर आहे एवढं एका तुकड्यात कळतं, पण आता तेवढं पुरत नाही. अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला तर पुढे ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन अशा जनुकांतले बदल बघतात, पीडी-एल-वन नावाचं प्रथिन बघतात. आपल्याकडच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या पेशंटपैकी साधारण चौघांत एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो, आजार पुढच्या टप्प्यातला असला तर अशांना केमोऐवजी गोळी चालते, माणूस घरी राहून, शेतावर जाऊन ती घेतो. या सगळ्या टेस्ट त्याच तुकड्यातून करायच्या असतात, तुकडा कमी पडला की परत सुई. म्हणून नुसतं बारीक सुईने पेशी ओढून घेणं, एफएनएसी, त्यावर भागवू नका, कोअर बायोप्सी असं लिहून घ्या.

आता धोके, लपवण्यासारखं काही नाही. सगळ्यात नेहमीचा म्हणजे न्यूमोथोरॅक्स, फुफ्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये हवा शिरणं. सहा-सात पेशंटमध्ये एकाला, कधी पाचात एकाला थोडी तरी हवा दिसते, बहुतेकांची आपोआप जिरते, ऑक्सिजन लावून बघत राहायचं. वीसेकात एकाला छातीत बारीक नळी, पिगटेल, टाकावी लागते, ती दोन-तीन दिवस राहते आणि मग काढतात. तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाची फुफ्फुसं फुगलेली असतात त्यामुळे तुमच्या वडिलांचा धोका यापेक्षा थोडा जास्त धरा. याच कारणासाठी मी म्हणते हॉस्पिटल निवडताना मशीन किती स्लाइसचं आहे ते विचारू नका, हे विचारा की छातीत नळी टाकायची वेळ आली तर कोण टाकतं आणि रात्री दोन वाजता ते असतात का. नुसतं डायग्नॉस्टिक सेंटर असेल, वर वॉर्ड नसेल, तर तिथे नको.

दुसरं, खोकल्यातून रक्त. शंभरात चार-पाच जणांना येतं, चमचाभर, तासाभरात थांबतं. घरच्यांचे मात्र हातपाय गळतात ते लाल बघून, म्हणून आधीच सांगून ठेवतो आम्ही. जास्त रक्त, किंवा हवेचा बुडबुडा रक्तवाहिनीत जाऊन मेंदूपर्यंत पोचणं, हे फार फार दुर्मिळ, पण जिवावर बेतू शकतं आणि संमतीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा आणि विचारा, विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि काही गाठींना सुई लावायचीच नसते, हायडॅटिड सिस्ट म्हणजे कुत्र्या-मेंढ्यांकडून येणाऱ्या जंताची पाण्याने भरलेली गाठ असेल, किंवा रक्तवाहिन्यांचाच गुंता गाठीसारखा दिसत असेल तर, म्हणून बायोप्सीआधीचा सीटी कॉन्ट्रास्ट देऊन झालेला असला तर बरं. तुमच्या घरी मेंढ्या-कुत्री असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

झाल्यावर ज्या बाजूने सुई घातली त्याच बाजूवर झोपवतात, म्हणजे वडिलांना उताणं, दोन-तीन तास. बोलायचं नाही, खोकला दाबायचा, उठून बसायचं नाही. नेमकं त्याच वेळी सगळे नातेवाईक आत येतात आणि कसं झालं, दुखलं का विचारत बसतात, तर एकच माणूस आत थांबा आणि तुम्हीच त्यांना बोलू देऊ नका. तासाभराने आणि परत चारेक तासांनी एक्सरे काढतात. त्या दिवशी एसटीने गावी परत न्यायचं नाही, ऐंशी किलोमीटर जाऊन मध्यरात्री दम लागला तर करणार काय? एक रात्र हॉस्पिटलात किंवा निदान त्याच गावात राहा. अचानक छातीत कळ, दम, ओठ निळे, की लगेच परत. पुढचे आठ-दहा दिवस जड उचलायचं नाही, विमानप्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी एका ओळीत लिहिलीय: इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या आहेत. साधारणपणे फुफ्फुसाच्या बायोप्सीआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस आणि अ‍ॅस्पिरिन तीन ते पाच दिवस बंद ठेवतात, पण स्टेंट असलेल्या माणसाने हे स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, कधीच नाही. हार्टच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, कुठली गोळी कधी बंद, परत कधी सुरू. काही वेळा ते सांगतात की अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा, मग आम्ही त्याप्रमाणे ठरवतो. प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा दीडच्या आसपास किंवा कमी पाहिजे, या रक्ताच्या तपासण्या आधी होतात. चार-सहा तास उपाशी ठेवतात, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, शुगर असेल तर तसं सांगा.

रिपोर्ट आल्यावर काय वाचायचं. कॅन्सर असं आलं तर ते जवळजवळ नक्कीच खरं असतं. ग्रॅन्युलोमा आणि सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर टीबी, तेव्हा एकेटी घ्यायची आणि पूर्ण घ्यायची, बरं वाटलं म्हणून मधे सोडायची नाही. पण रिपोर्टमध्ये नुसतं नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन किंवा फायब्रोसिस किंवा कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत असं आलं तर पेढे वाटू नका. याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही, सुई कदाचित गाठीच्या कडेच्या सुजेत लागली असेल. अशा वेळी रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर एकत्र बसून स्कॅनशी रिपोर्ट जुळतो का बघतात. काटेरी गाठ आणि निवांत रिपोर्ट जुळत नाही, मग परत बायोप्सी किंवा सर्जन. रिपोर्ट काहीही येवो, लॅबकडून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या आणि जपून ठेवा, दुसरं मत घ्यायला टाटाला गेलात तरी तिथे पहिली मागणी त्यांचीच असते.

आणि अजून एक, हे आजच करा. तुम्ही लिहिलंय की सात वर्षांपूर्वी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशनच्या आधी बहुतेक ठिकाणी छातीचा फोटो काढतात. तो घरात कुठेतरी असेल, लोखंडी पेटीत, कपाटावर, गादीखाली. तो शोधा आणि बायोप्सीच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा. त्या फोटोत त्याच जागी तेवढाच डाग असेल तर सगळं गणित बदलतं, सात वर्षं जी गाठ वाढली नाही तिला कदाचित मीही सुई लावणार नाही, नुसतं लक्ष ठेवू म्हणेन. आणि ती जागा तेव्हा स्वच्छ असेल तर हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन याच आठवड्यात तारीख घ्या.